जुन्या मनगटी घड्याळातील यांत्रिक मशीन कसे ओळखावे

जुने मनगटी घड्याळ हाती आले की बहुतेकांची नजर आधी डायलवरच्या नावावर जाते आणि तिथेच थांबते. ते नाव घड्याळ कोणी विकले एवढेच सांगते. आत चालणारे मशीन कोणाचे आहे, हे त्यावरून क्वचितच ठरते. विसाव्या शतकातील स्विस घड्याळ उद्योगाची रचनाच अशी होती की, मोजके कारखाने प्लेट (सगळे भाग पेलणारी मुख्य चकती), ब्रिज (चाकांना वरून धरणाऱ्या पट्ट्या), चाके आणि चावीची यंत्रणा असलेले कच्चे मशीन तयार करत आणि असंख्य नाममुद्रा ते विकत घेऊन, आपापल्या परीने सजवून, आपल्या केसमध्ये बसवत. ए. शिल्ड म्हणजे एएस, फाँतेनमेलोंचा कारखाना म्हणजे एफएचएफ, आणि ए. मिशेल या तिघांनी १९२६ साली एबोश एसए हा समूह उभा केला. १९३२ मध्ये एटा त्यात आली, आणि व्हालजू, व्हीनस, लँडेरॉन, युनिटास, पेझो, फेल्सा हे कारखानेही मागेपुढे त्याच समूहात सामील झाले. त्यामुळे एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या नावांच्या घड्याळांत तंतोतंत एकच मशीन सापडते, आणि एकाच नावाच्या दोन घड्याळांत वेगवेगळ्या कारखान्यांची मशीने सापडतात.

मशीन ओळखणे म्हणजे त्याचा कॅलिबर क्रमांक, म्हणजे कारखान्याने त्या मशीनच्या नमुन्याला दिलेला क्रमांक, निश्चित करणे. तो कळला की सुटे भाग मिळतात, दुरुस्तीचे तपशील मिळतात, घड्याळाचा काळ ठरवता येतो, आणि केस, डायल व मशीन मुळात एकत्रच होते का, याचाही अंदाज येतो. यासाठी कोणत्याही एका खुणेवर विसंबू नये. कारखान्याची खूण, मशीनचे माप, ब्रिजची मांडणी आणि डायलखालच्या चावीच्या यंत्रणेचा आकार या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या, तरच ओळख पक्की समजावी. या चारांत मी सर्वाधिक वजन शेवटच्या गोष्टीला देतो; त्याचे कारण पुढे येईल.

झाकण उघडण्यापूर्वी

घड्याळ बंद असतानाही त्याच्याकडून बरेच काही काढून घेता येते. चावी, म्हणजे केसच्या बाजूची फिरवायची गुंडी, सावकाश फिरवून पाहावी. हाताने चावी देण्याच्या घड्याळात काही फेऱ्यांनंतर चावी घट्ट होऊन थांबते. तिथे जोर लावू नये. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप भरणाऱ्या, घड्याळात मेनस्प्रिंगचे (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचे) बाहेरचे टोक बॅरलच्या (तिच्या डबीच्या) भिंतीवर घसरत असल्यामुळे चावी अशी थांबत नाही. काही ऑटोमॅटिक घड्याळांना चावी देताच येत नाही: सैकोच्या ६१३९, ७००९ आणि नंतरच्या ७एस२६ या मशीनमध्ये चावी फिरवल्याने स्प्रिंग भरली जात नाही, ती फक्त रोटरने, म्हणजे आत फिरणाऱ्या वजनाने, भरते. घड्याळ कानाजवळ धरून हलकेच फिरवले असता आत वजन फिरल्याची जाणीव झाली, तर मशीन ऑटोमॅटिक आहे. हेच वजन पूर्ण न फिरता दोन्ही टोकांना आदळून मागे येत असेल, तर ते ‘बंपर’ प्रकारचे जुने ऑटोमॅटिक असते. जॉन हारवूड यांच्या १९२४ च्या पेटंटपासून हा प्रकार सुरू झाला आणि १९५० च्या दशकापर्यंत अनेक कारखान्यांनी तो बनवला.

सेकंद काट्याकडे भिंगातून पाहिले, तर तो सरकत नसून बारीक उड्या घेत असल्याचे दिसते. ताशी १८,००० ठोक्यांच्या मशीनमध्ये दर सेकंदाला ५ उड्या असतात, २१,६०० मध्ये ६, आणि २८,८०० मध्ये ८. मोबाइलवर ठोक्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून तो संथ गतीने ऐकल्यास मोजणी सोपी होते. साधारणतः १९६० पूर्वीची मनगटी घड्याळे १८,००० ठोक्यांची असतात. १९,८०० आणि २१,६०० चा वापर त्यानंतर वाढला, आणि ३६,००० ठोक्यांचे झेनिथचे ‘एल प्रिमेरो’ १९६९ मध्ये आले. १९४० चे दशक सांगून दाखवलेल्या घड्याळात ८ उड्या दिसल्या, तर आतले मशीन नंतर बदललेले आहे. काटा उड्या न घेता अखंड सरकत असेल आणि टिकटिकीऐवजी बारीक गुणगुण ऐकू येत असेल, तर ते १९६० मध्ये आलेल्या बुलोव्हा अ‍ॅक्यूट्रॉनसारखे, बॅटरीवर चालणाऱ्या ट्यूनिंग फोर्कचे घड्याळ आहे. यांत्रिक मशीनच्या सूचींत त्याचा शोध घेण्यात अर्थ नाही.

जपानी घड्याळांच्या बाबतीत काम पुष्कळदा इथेच संपते. सैकोच्या झाकणावर ६१३९-६००२ असा दोन भागांचा क्रमांक असतो. त्यातला पहिला भाग मशीनचा आणि दुसरा केसचा. शेजारच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरे चिन्ह महिन्याचे: १ ते ९ हे आकडे, आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही रोमन अक्षरे. वर्षाचा एकच आकडा दर दहा वर्षांनी पुन्हा येतो, म्हणून तो कॅलिबरच्या उत्पादनकाळाशी ताडून घ्यावा लागतो. ६१३९ हे मशीन १९६९ मध्ये आले आणि १९७० च्या दशकात बनत राहिले. त्यामुळे त्याच्या झाकणावर पहिला आकडा ५ असेल, तर वर्ष १९७५. बुलोव्हाने १९५० पासून केसवर व मशीनवर एक अक्षर आणि एक आकडा वापरला: एल म्हणजे १९५० चे दशक, एम म्हणजे १९६० चे, एन म्हणजे १९७० चे, म्हणून ‘एम५’ म्हणजे १९६५.

झाकण उघडताना

झाकण तीन प्रकारचे असते. दाबून बसवलेल्या झाकणाच्या कडेला कुठेतरी बारीक ओठ किंवा फट असते, आणि तिथेच पात्याचे टोक लावायचे असते. आट्यांच्या झाकणाला कडेने खाचा किंवा सपाट बाजू असतात. अशा झाकणासाठी आधी मऊ रबराचा चेंडू दाबून फिरवून पाहावा आणि त्याने न हलल्यास योग्य मापाचा पाना घ्यावा. तिसरा प्रकार अखंड केसचा आहे. त्यात मागून उघडण्याची सोयच नसते. मशीन काच काढून समोरून बाहेर येते. अशा केसच्या पाठीवर फट शोधत पाते चालवल्याने केस कायमची खराब होते. फट दिसत नसेल, तर थांबावे.

मशीनला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. घामातील क्षारांमुळे स्टीलच्या भागांवर काही दिवसांतच गंजाचे ठसे उमटतात, म्हणून बोटांना रबरी टोप्या लावाव्यात. दहापट मोठे दाखवणारे भिंग, तिरका पडेल असा एक दिवा आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा व्हर्नियर एवढे साहित्य पुरते.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. १९६० च्या दशकापूर्वीच्या अनेक डायलांवर आणि काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असतो. त्याची चमक केव्हाच गेलेली असली, तरी रेडियम-२२६ चे अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षांचे असल्यामुळे किरणोत्सर्ग गेलेला नसतो. तपकिरी पडलेला, भुगा होऊ लागलेला लेप दिसला, तर डायल उघड्यावर काढू नये, लेप खरवडू नये आणि फुंकरही मारू नये. ती धूळ श्वासावाटे आत जाणे हाच खरा धोका आहे. अशा घड्याळाचे मशीन मागच्या बाजूनेच ओळखावे आणि पुढचे काम तयारीच्या कारागिराकडे सोपवावे.

बॅलन्सखालची खूण

झाकण उघडल्यावर समोर दिसणारी कोरीव अक्षरे बहुधा घड्याळ विकणाऱ्या कंपनीची असतात, कारण ब्रिजचा पृष्ठभाग ही तिची जाहिरातीची जागा असते. कच्चे मशीन बनवणाऱ्या कारखान्याने आपली खूण मुख्य प्लेटवर, बहुतेक वेळा बॅलन्स व्हीलच्या (मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाच्या) खाली किंवा त्याच्या अगदी कडेला ठोकलेली असते. ती मिलिमीटर-दीड मिलिमीटर उंचीची असते, एखाद्या ढालीच्या किंवा अंडाकृतीच्या आत कारखान्याची आद्याक्षरे असतात आणि शेजारी दोन ते चार आकड्यांचा कॅलिबर क्रमांक असतो. एएसची ही दोन अक्षरे सर्वांत जास्त वेळा भेटतात. व्हालजूच्या जुन्या मशीनवर मात्र ढालीत ‘आर’ हे अक्षर असते. कारखान्याचे संस्थापक रेमंड बंधू यांच्या आडनावाचे ते आद्याक्षर आहे.

ही खूण पाहण्याची एक पद्धत आहे. घड्याळ चालू असेल, तर बॅलन्सचे आरे सतत मध्ये येतात आणि काहीच वाचता येत नाही. म्हणून घड्याळ पूर्ण उतरून आपोआप थांबेपर्यंत वाट पाहावी. बॅलन्स बोटाने किंवा चिमट्याने थांबवण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याची केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग वाकायला निमिषभरही लागत नाही. बॅलन्स थांबला की मशीन आडवे धरून दिवा एका बाजूने जवळजवळ प्लेटला समांतर आणावा. सरळ वरून पडणाऱ्या उजेडात प्लेट सपाट, कोरी दिसते; तिरक्या उजेडात ठोकलेल्या अक्षरांच्या एका कडेला सावली पडते आणि दुसरी कडा चमकते. मशीन हळूहळू फिरवत गेल्यास आऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतून आधी ढालीची कड, मग एखादा आकडा, असे तुकड्यातुकड्याने वाचता येते. ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत इथे फार होते, म्हणून वाचलेला आकडा कागदावर लिहून दुसऱ्या कोनातून पुन्हा वाचावा.

खूण तिथे नसेल, तर बॅलन्स आणि बॅरल यांच्यामधली जागा, प्लेटची बाहेरची कड आणि ऑटोमॅटिक असल्यास रोटरखालचा भाग पाहावा. काही कारखाने ती डायलच्या बाजूला ठोकत, आणि काही मोठ्या खरेदीदारांच्या मागणीनुसार ती मुळीच ठोकली जात नसे. खूण नसणे म्हणजे मशीन बनावट असणे नव्हे.

मशीनवर इतरही आकडे असतात आणि नवख्याची फसगत तिथेच होते. पाच ते आठ आकड्यांची लांब संख्या हा अनुक्रमांक असतो. ओमेगासारख्या ज्या कंपन्यांनी सलग क्रमांक दिले, त्यांच्या बाबतीत त्यावरून उत्पादनाचा काळ ठरतो, पण कॅलिबर ठरत नाही. झाकणाच्या आतला आकडा केसचा असतो. बॅलन्स कॉकवर (बॅलन्स धरणाऱ्या ब्रिजवर) तीन रोमन अक्षरांचा गट दिसला, तर तो अमेरिकेत आयात झालेल्या मशीनचा आयातदार-संकेत आहे: ओमेगासाठी ओएक्सजी, रोलेक्ससाठी आरओडब्ल्यू, लाँजीनसाठी एलएक्सडब्ल्यू. अशाच मशीनवर ‘अनअ‍ॅडजस्टेड’ हा शब्दही कोरलेला आढळतो. वेगवेगळ्या स्थितींत जुळवून अचूक केलेल्या मशीनवर अमेरिकेत जादा आयातकर लागत असे, म्हणून तो शब्द घातला जाई; मशीन हलक्या दर्जाचे असल्याचा तो पुरावा नाही.

ज्वेलची, म्हणजे घर्षण कमी करण्यासाठी बसवलेल्या माणकांची, संख्या तर कॅलिबर ओळखण्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण एकच कॅलिबर ७, १५, १७ किंवा २१ ज्वेलचे करून विकले जाई. तिचा उपयोग दर्जा समजण्यापुरता. हाताने चावी देण्याच्या साध्या लिव्हर मशीनमध्ये बॅलन्सला ४, इम्पल्सचे १, पॅलेटचे २ दगड, आणि पॅलेट फोर्क (एस्केप व्हीलला ठोक्याठोक्याने सोडणारा दुहेरी काटा), एस्केप व्हील, चौथे चाक, तिसरे चाक व मधले चाक यांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी २, असे मिळून १७ होतात. मधल्या चाकाचे दोन वगळले की १५. त्यापुढची संख्या ऑटोमॅटिकच्या चाकांमुळे वाढली असेल, तर ती योग्य आहे. एके काळी मात्र कसलाही भार न पेलणारी माणके रोटरभोवती जडवून शंभर ज्वेलपर्यंतचे आकडे डायलवर छापले गेले.

काही क्रमांक मात्र वाचता आले तर स्वतःच माहिती देतात. सोव्हिएत मशीनच्या चार आकडी क्रमांकातील पहिले दोन आकडे म्हणजे मिलिमीटरमधला व्यास, आणि नंतरचे दोन रचनेचे: ०९ म्हणजे मधोमध सेकंद काटा आणि धक्कारोधक, १४ म्हणजे त्यात तारखेची भर, १६ म्हणजे ऑटोमॅटिक आणि तारीख. त्यामुळे व्होस्टोकचे २४०९, २४१४ आणि २४१६ ही २४ मिमीच्या एकाच कुटुंबातली भावंडे आहेत, हे क्रमांकावरूनच कळते. ओमेगाच्या १९३९ च्या ‘३०टी२’ मधले ३० हेही मिलिमीटरच आहेत.

माप

खूण मिळो वा न मिळो, माप घ्यावेच. स्विस सूचींमध्ये मशीनचा आकार लिन्य या जुन्या फ्रेंच मापात दिलेला असतो आणि १ लिन्य म्हणजे २.२५५८ मिमी. पण सूचीतील लिन्यचा आकडा या गुणकाने गुणून येणारे मिलिमीटर आणि व्हर्नियरवर दिसणारे मिलिमीटर पुष्कळदा जुळत नाहीत, आणि त्यामुळे योग्य मशीन हातचे निसटते. एटा २८२४ हे ११½ लिन्यचे म्हणून नोंदले आहे, गुणाकार २५.९ मिमी येतो, परंतु केसमध्ये बसणारा प्रत्यक्ष व्यास २५.६ मिमी आहे. पेझो ७००१ हे १०½ लिन्यचे, गुणाकार २३.७, प्रत्यक्षात २३.३. युनिटास ६४९७ हे १६½ लिन्यचे, गुणाकार ३७.२, प्रत्यक्षात ३६.६. म्हणून शोध नेहमी मिलिमीटरवरून घ्यावा आणि लिन्यचा आकडा केवळ गट ठरवण्यासाठी वापरावा.

मोजताना प्लेटच्या डायलकडच्या भागाचा, म्हणजे केसमध्ये उतरणाऱ्या भागाचा व्यास घ्यावा आणि कडेचा बाहेर आलेला काठ स्वतंत्र नोंदवावा. मशीनभोवती धातूची किंवा प्लॅस्टिकची भरणीची कडी असल्यास ती मापात धरू नये. तशी कडी मूळचीही असू शकते, पण मशीन दुसऱ्या केसमध्ये बसवल्याची शंका घेण्याइतकी ती महत्त्वाची नक्कीच आहे. चौकोनी किंवा पिंपाच्या आकाराच्या मशीनची लांबी आणि रुंदी दोन्ही घ्यावी. जाडीसुद्धा उपयोगी पडते: ७००१ ची जाडी अवघी २.५ मिमी आहे, आणि त्या व्यासाची बरीच जुनी मशीने या एका आकड्यावर बाद होतात.

ब्रिज आणि चाकांची मांडणी

ब्रिज किती तुकड्यांत कापलेले आहेत, त्यांच्या कडा कुठे वळतात, स्क्रू कुठे आहेत आणि रॅचेट व्हील व क्राउन व्हील ही चावी देताना फिरणारी चाके एकमेकांपासून कशी बसली आहेत, हे सूचीतील छायाचित्राशी ताडून पाहायचे असते. त्या वेळी पृष्ठभागाच्या सजावटीकडे लक्ष देऊ नये. पट्टेदार नक्षी, सोनेरी किंवा तांबूस मुलामा, निळे स्क्रू हे खरेदीदार कंपनीच्या पसंतीचे असतात. ब्रिजची बाह्यरेषाही काही वेळा खास गिऱ्हाइकासाठी बदलली जाई, पण स्क्रूंच्या आणि पिव्हटांच्या (चाकांच्या आसांच्या टोकांच्या) जागा सहसा बदलत नसत, कारण त्या बदलायच्या तर सगळी चाकेच हलवावी लागतात. ताडताना आधी ज्वेलचे केंद्रबिंदू जुळतात का ते पाहावे आणि मग कडा.

सेकंद काट्याची रचना हा दुसरा धागा. छोटा सेकंद काटा सहाच्या जागी असेल, तर तो चौथ्या चाकाच्या लांब पिव्हटावर थेट बसलेला असतो. मधोमध सेकंद काटा असलेल्या १९४० च्या दशकातील अनेक मशीनमध्ये ब्रिजच्या वर एक जादा चाक आणि मधल्या पिनियनला (छोट्या दातेरी चाकाला) दाबून धरणारी पातळ पितळी स्प्रिंग दिसते. मूळच्या छोट्या सेकंदाच्या मशीनवर ही भर घातलेली असते आणि सूचीत ते त्याच कुटुंबातील वेगळ्या क्रमांकाने नोंदलेले असते. युनिटासचे ६४९७ आणि ६४९८ तर या एकाच फरकाने ओळखावेत: चावी तीनच्या जागी धरली असता पहिल्याचा छोटा सेकंद नऊच्या जागी येतो, दुसऱ्याचा सहाच्या.

बॅलन्सच्या वरच्या ज्वेलभोवतीची धक्कारोधक स्प्रिंगही पाहावी. वीणेच्या आकाराची दुहेरी कमान म्हणजे १९३४ मध्ये आलेले इंकाब्लॉक. तीन पाकळ्यांची स्प्रिंग किफच्या काही प्रकारांत आणि सैकोच्या डायाशॉकमध्ये दिसते. आणि नुसती टोपी दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली असेल, तर मशीनला धक्कारोधक नाही.

पॅलेट फोर्क बाजूने पाहिल्यास लाल माणकाचे दोन तिरके दगड दिसायला हवेत. त्यांच्याऐवजी उभ्या पोलादी पिना दिसल्या, तर मशीन पिन-लिव्हर प्रकारचे आहे. स्वस्त घड्याळांसाठी बीएफजी आणि एबोश बेटलाख यांनी अशी मशीने फार मोठ्या प्रमाणावर बनवली आणि टाइमेक्सची जुनी घड्याळेही याच जातीची. त्यांच्या सूची वेगळ्या असतात, त्यामुळे हा फरक लवकर लक्षात आला तर बराच वेळ वाचतो.

ऑटोमॅटिकमध्ये रोटरची रचना काळ आणि कारखाना दोन्हीकडे बोट दाखवते. फेल्साचे ‘बिडायनेटर’ १९४२ चे. रोटर दोन्ही दिशांना फिरताना स्प्रिंग भरणारे ते पहिले मशीन. एटर्नाने १९४८ मध्ये रोटरला पाच गोळ्यांचे बॉल बेअरिंग दिले. रोटर मशीनवर न बसता मशीनच्याच जाडीत, एका बाजूला छोट्या चकतीसारखा बसलेला असेल, तर ब्युरेन आणि युनिव्हर्सल जिनिव्हा ही दोन नावे प्रथम तपासावीत.

डायलखालची बाजू

आता सर्वांत भरवशाच्या पुराव्याकडे येऊ. चावी ओढल्यावर काटे फिरवायला आणि आत दाबल्यावर स्प्रिंग भरायला जी यंत्रणा लागते, ती डायलखाली असते: स्टेमवरची (चावीच्या दांड्यावरची) दोन पिनियने, सेटिंग लिव्हर, योक आणि या सगळ्यांवर बसलेली सेटिंग लिव्हर स्प्रिंग. ही शेवटची स्प्रिंग म्हणजे पातळ पोलादाचा कापलेला तुकडा. तिच्या एका लांब बाहूच्या टोकाला दोन खाचा असतात आणि चावी ओढताना जो ‘टक्’ जाणवतो, तो सेटिंग लिव्हरची खुंटी एका खाचेतून दुसरीत गेल्याचा असतो. प्रत्येक कारखान्याने आणि पुष्कळदा प्रत्येक कॅलिबर-कुटुंबाने या तुकड्याची बाह्यरेषा वेगळी ठेवली: कुठे तो चोचीसारखा वळतो, कुठे त्याला रुंद पाठ आणि दोन स्क्रूंची भोके असतात, कुठे तो योकला पूर्ण झाकतो. घड्याळजींच्या सुट्या भागांच्या सूची दशकानुदशके याच तुकड्याच्या आकृत्यांवर रचलेल्या आहेत. ब्रिजवर गिऱ्हाइकाची सजावट चढते, खूण पुसट होते किंवा नसतेच, पण डायलखाली कोणी पाहणार नसल्यामुळे तिथे कारखान्याचा मूळ आकार तसाच राहतो; म्हणून मी त्याला शेवटचा शब्द मानतो.

तिथवर पोहोचण्यासाठी मशीन केसमधून काढावे लागते. स्टेम सोडवण्यासाठी सेटिंग लिव्हरचा स्क्रू दीड-दोन फेरेच सैल करावा. तो पूर्ण काढल्यास लिव्हर डायलखाली सुटा पडतो आणि मग डायल काढल्याशिवाय तो परत बसत नाही. नंतरच्या अनेक मशीनमध्ये स्क्रूऐवजी दाबायचा छोटा ठिपका असतो. काटे काढताना डायलवर पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवावा, आणि डायलचे पाय धरणारे स्क्रू प्लेटच्या कडेने शोधून सैल करावेत. उघड्या बाजूचे छायाचित्र अगदी सरळ वरून, माप दाखवणारी पट्टी शेजारी ठेवून घ्यावे; तिरक्या छायाचित्रात स्प्रिंगची रेषा बदलते आणि सूचीशी जुळत नाही. एखादा ब्रिजही उघडायचा असल्यास आधी क्लिक (रॅचेट व्हीलला उलटे फिरू न देणारा खटका) हलकेच बाजूला धरून, चावी बोटांत पकडून, मेनस्प्रिंगचा ताण पूर्ण उतरवावा. क्राउन व्हीलच्या स्क्रूवर एकाऐवजी तीन खाचा असतील, तर त्याचे आटे उलटे आहेत. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो.

क्रोनोग्राफ

क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेली, मशीन तुलनेने मोजक्या कारखान्यांनी बनवली, म्हणून ती डायलवरून आणि बटणांच्या वागण्यावरूनही बरीचशी ओळखता येतात. वरचे बटण फक्त सुरू करते, आणि खालचे बटण आधी थांबवते व पुन्हा दाबल्यावर शून्यावर आणते, असे असेल, तर लँडेरॉन ४८ किंवा त्याच्या कुटुंबातील मशीन समोर आहे. इतर बहुतेकांत सुरू करणे आणि थांबवणे ही दोन्ही कामे वरच्या बटणाची असतात. छोट्या डायल बारा, सहा आणि नऊ या जागी असतील, त्यांतला चालता सेकंद नऊच्या जागी असेल आणि मशीन ऑटोमॅटिक असेल, तर १९७० च्या दशकातील व्हालजू ७७५० आधी तपासावे. सहाच्या जागी एकच छोटी डायल, चालता सेकंद मुळीच नाही आणि तीनच्या जागी वार-तारीख, ही सैको ६१३९ ची ठेवण.

तीन, सहा आणि नऊ या जागी छोट्या डायल असलेले, हाताने चावी देण्याचे घड्याळ मात्र उघडावेच लागते, कारण व्हालजू ७२ आणि ७७३६ डायलकडून सारखीच दिसतात. ७२ मध्ये किल्ल्याच्या बुरुजासारखे उभे खांब असलेले छोटे चाक दिसते, आणि बटण दाबले की ते एक पाऊल पुढे फिरते; त्याला कॉलम व्हील म्हणतात. ७७३६ मध्ये त्या जागी एकावर एक बसवलेले सपाट कॅम असतात, जे पुढे-मागे सरकतात. हा ७७३६ व्हीनस १८८ च्या वंशातला आहे. सोव्हिएत ‘३१३३’ हे व्हालजू ७७३४ वर आधारलेले ३१ मिमीचे मशीन, त्यामुळे दोघांची मांडणी एकसारखी दिसली तरी गोंधळू नये. खूण आणि क्रमांक पाहून निर्णय करावा. नामवंत कंपन्यांनी स्वतःचे क्रमांक दिले, तरी मूळ मशीन तेच राहते: ओमेगा ३२१ म्हणजे लेमानिया २३१०, आणि रोलेक्सची ७२२ व ७२७ ही व्हालजू ७२ वर आधारलेली.

जुळवणी

क्रमांक निश्चित झाल्यावर तो घड्याळाच्या बाकी भागांशी ताडावा. चावीचे स्टेम केसच्या नळीतून सरळ जाते का, की किंचित वर-खाली घासते? छोट्या सेकंद काट्याचे केंद्र डायलवर छापलेल्या वर्तुळाच्या बरोबर मध्यावर आहे का? डायलचे पाय प्लेटच्या मूळ भोकांत बसले आहेत, की ते कापून डायल चिकटवलेली आहे? ओळखलेले कॅलिबर डायलवरच्या कंपनीने त्या काळात वापरल्याची नोंद आहे का? यांपैकी एक गोष्ट विसंगत असेल, तर दुरुस्तीत बदल झालेला असू शकतो. दोन-तीन विसंगत असतील, तर घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून बनवलेले आहे असे धरून चालावे, आणि त्याची किंमत त्याच हिशेबाने करावी.

नोंद करताना केवळ कुटुंबाचा क्रमांक लिहून थांबू नये. एटा २८०१ आणि २८२४ यांत बरेच भाग सारखे असले, तरी पहिले हाताने चावी देण्याचे आणि दुसरे तारखेसह ऑटोमॅटिक आहे. कॅलिबरसोबत व्यास, जाडी, ठोक्यांची संख्या, सेकंद काट्याचा प्रकार आणि धक्कारोधकाचे नाव लिहावे. स्टेम आणि सेटिंगचे भाग सहसा सगळ्या कुटुंबाला चालतात. बॅलन्स स्टाफ (बॅलन्सचा आस) चालत नाही. त्याच क्रमांकाच्या धक्कारोधक असलेल्या आणि नसलेल्या मशीनचे स्टाफ वेगळे असतात, आणि इंकाब्लॉकसाठी केलेला स्टाफ किफमध्ये बसेलच असे नाही. म्हणून तो मागवताना धक्कारोधकाचा प्रकार क्रमांकाच्या शेजारीच लिहावा, आणि जुना स्टाफ शिल्लक असेल तर त्याची एकूण लांबी मोजून तीही द्यावी.